अगम्यगमन, साहित्यातील
(साहित्यविषय). निषिद्ध रक्तसंबंधांतील कामसंबंधांचे साहित्यातील चित्रण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम-यमी संवादात बहीण मागणी घालते आणि भाऊ नकार देतो. नकारापेक्षा यमीचा युक्तिवादच जास्त धारदार आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरिणरूपाने आपल्या कन्येमागे लागतो; चिडलेले देव रुद्राकरवी त्याला बाणाने विंधतात. पेरणीच्या वेळी शेतकरी ज्या मृगाचे नाव घेतो, त्या नक्षत्रामागे ही कथा आहे. ग्रीकांकडे सॉफक्लीझच्या नाटकातील ईडिपस अजाणता आईशी विवाह करतो.

वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनात अशा कथांना कविकल्पना न म्हणता आदिम समाजस्थितीचे अवशेष मानले. त्यांचे काही निष्कर्ष ताणलेले असले, तरी हा विषय मराठीत उघडपणे मांडण्याचे त्यांचे धाडस निर्विवाद आहे. साहजिकच वाचक खवळले.

आधुनिक मराठी नाटकात महेश एलकुंचवार यांचे ‘वासनाकांड’ हे अशा चित्रणाचे ठळक उदाहरण. १९७०च्या दशकातील या नाटकात भाऊ-बहिणीचे संबंध थेट रंगमंचावर येतात. अमोल पालेकर यांनी ते दिग्दर्शित केले आणि ते सेन्सॉरच्या कचाट्यात सापडले.