वसमत

वसमत (वसमतनगर, बसमत) : हिंगोली जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे ठाणे आणि मराठवाड्यातील हळदीची एक प्रमुख बाजारपेठ. लोकसंख्या ६८,८४६ (२०११). १९° १९′ उ. अक्षांश व ७७° १०′ पू. रेखांशावर, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले. गाव कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गावर (क्र. ६१) परभणी आणि नांदेड यांच्या मध्ये आहे आणि पूर्णा–अकोला लोहमार्गावरचे स्थानक आहे. नांदेड येथून सुमारे ४० किमी., तर जिल्ह्याचे ठिकाण हिंगोली त्याहून दूर. कचेरीच्या कामाला हिंगोली आणि दवाखाना, लग्नाचा बस्ता व मुलांच्या शिकवण्यांना नांदेड, अशी इथल्या माणसाची वाटणी ठरलेली आहे.

नावाचा घोळ जुना आहे. रेल्वे ‘बसमत’ म्हणते, संस्थांच्या पाट्यांवर ‘वसमतनगर’ दिसते आणि तालुक्यातला माणूस ‘वसमतला चाललो’ एवढेच सांगतो. प्रस्तुत नोंदीत लोकांचे नाव घेतले आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात वसमत परभणी जिल्ह्याचा भाग होते. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्राण दिलेले तालुक्यातील वापटी गावचे बहिर्जी शिंदे यांच्या नावाने शहरात बहिर्जी स्मारक महाविद्यालय चालते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वसमत परभणीतच राहिले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तेव्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ यांच्याबरोबर वसमत हा त्याचा पाचवा तालुका ठरला. आधीच्या पिढीतल्या जमिनीच्या कागदांवर ‘जिल्हा परभणी’ असेच आहे.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ११,७७,३४५ होती आणि त्यातली जेमतेम १५ टक्के शहरांत राहत होती. ‘शहरी’ म्हणून मोजलेली गावे तीनच : हिंगोली (८५,१०३), वसमत आणि पंचवीस हजारांच्या आतले कळमनुरी. म्हणजे जिल्ह्यातल्या दर पाच शहरवासीयांमागे जवळजवळ दोघे वसमतचे. २००१ मध्ये इथे सुमारे ५७ हजार लोक होते. दहा वर्षांत लोकसंख्या पाचव्या हिश्श्याने वाढली आणि त्याच काळात अख्ख्या जिल्ह्याची वाढही १९ टक्क्यांच्या आसपास होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. बाजारपेठ वाढली तसे गाव फुगायला हवे होते. ते जिल्ह्याच्याच चालीने वाढले. हळदीचा पैसा येतो, पण त्या पैशाच्या मागे माणूस येऊन कायमचा राहत नाही. शिकलेला मुलगा नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याकडे जातो. तालुक्यातला शेतमजूर हंगामापुरता येतो आणि संध्याकाळच्या जीपने आपल्या गावी परततो.

वस्ती मिश्र आहे. जुन्या गावात मुसलमानांचे मोहल्ले मोठे असून तिथली दखनी आणि मोंढ्यातली मराठी एकमेकींत सहज मिसळतात. वीरशैव लिंगायत समाजाचे इथे जुने ठाणे आहे. थोरला मठ त्या परंपरेतला. मारवाडी दुकानदार, मराठा शेतकरी, बौद्ध वस्त्या, आणि भोवतालच्या गावांतून व तांड्यांवरून बाजारासाठी येणारा हटकर व बंजारा समाज, असे हे मोंढ्याचे गाव आहे. मराठवाड्यात घाऊक धान्यबाजाराला मोंढा म्हणतात. वसमतची आर्थिक ओळख तहसिलीत नाही, मोंढ्यात आहे.

तालुक्याच्या शेतीचा नकाशा पाण्याने काढलेला आहे. पूर्णा नदीवरचे येलदरी आणि त्याखालचे सिद्धेश्वर ही दोन धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली आणि सिद्धेश्वरचे कालवे औंढा, वसमत, परभणी, पूर्णा या पट्ट्यात आले. जिल्ह्याचा उत्तर भाग माळरानाचा, सोयाबीन-तुरीचा आणि पावसावर डोळे लावून बसणारा. वसमत तालुका मात्र काळ्या जमिनीचा आणि कालव्याचा. म्हणून इथे ऊस आला, केळी आली आणि हळद आली. सोयाबीन, कापूस, हरभरा आहेतच, पण ते सगळीकडेच आहेत. धरण भरले नाही की हा फरक एका हंगामात पुसला जातो. २०१४ पासूनच्या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांत तो पुसला गेला होता.

उसासाठी वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. कुरुंद्याला टोकाई सहकारी साखर कारखाना निघाला. पूर्णा कारखान्याचे नेते जयप्रकाश दांडेगावकर राज्यात सहकार राज्यमंत्री आणि पुढे राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी जयप्रकाश मुंदडा हेही राज्यात मंत्री होते. दोन जयप्रकाशांची लढत हा इथल्या अनेक निवडणुकांचा विषय होता. गिरगाव-कुरुंदा भागातली केळी शेजारच्या अर्धापूर पट्ट्याशी जोडलेली असून तिचे ट्रक उत्तर भारताकडे जातात. केळीचा घड उतरला की चार दिवसांत विकावाच लागतो. उसाला तोड मिळाली नाही तर तो फडातच वाळतो. हळदीचे तसे नाही आणि इथे ती का रुजली याचे निम्मे उत्तर त्यात आहे. वाळलेली हळद पोत्यात भरून घरात थप्पीला लावता येते आणि भाव पटेपर्यंत वर्षभर, कधी दोन वर्षे थांबता येते. लग्न निघाले, बोअर घ्यायचा झाला, दवाखाना उभा राहिला, की दहा पोती मोंढ्यात. शेतकऱ्याच्या घरातली ही बँकच म्हणायची, फक्त तिला भुंगा लागतो.

थांबण्याचा हा अधिकार फुकट मिळत नाही. मे अखेरीस किंवा जूनमध्ये बेणे लावायचे. एकरी दहा क्विंटलांच्या आसपास बेणे लागते, म्हणजे भाव चढलेल्या वर्षी पेरणीआधीच मोठी रक्कम जमिनीत जाते. पूर्वी सरी-वरंब्यावर आणि पाटपाण्यावर होणारी लागवड आता बहुतेक गादीवाफ्यावर आणि ठिबकवर होते. वाण मुख्यतः सेलम. कंदमाशी, कंदकूज आणि पानावरचा करपा हे तीन वैरी. पैकी कंदकूज अतिवृष्टीच्या वर्षी उभा प्लॉट बसवते. आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळतो, तो कापायचा आणि जमीन तापू द्यायची. मग ट्रॅक्टरच्या अवजाराने किंवा कुदळीने काढणी. काढणीनंतर माती झाडून गड्डा वेगळा आणि हळकुंडे वेगळी मोडण्याचे काम बायका करतात. ते बहुधा गुत्त्याने दिलेले असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तालुक्यात रोजाने बाई मिळणे अवघड होते.

यानंतरचा भाग शेतीपेक्षा कारखान्याच्या जवळचा आहे. ओली हळद शिजवावी लागते, नाहीतर ती नीट वाळत नाही आणि रंग सारखा येत नाही. जुन्या पद्धतीत मोठ्या काहिलीत हळद भरून, वर पाला आणि गोणपाट झाकून, खाली जाळ करत. शिजली की नाही ते काडी टोचून पाहत. काडी सहज आत गेली की काहील उतरवायची. आता वाफेवरचे कुकर आले आहेत. ट्रॅक्टरमागे लावून गावोगाव फिरणारे हे कुकर क्विंटलवर भाडे घेतात आणि हा इथल्या तरुणांचा स्वतंत्र धंदा झाला आहे. शिजलेली हळद उन्हात बारा-पंधरा दिवस पसरतात. मार्चमधली अवकाळी या दिवसांत आली तर रात्री-अपरात्री ताडपत्र्या घेऊन सगळे घर धावते. भिजलेल्या हळदीचा रंग जातो आणि रंगाबरोबर भावही. वाळल्यावर ढोलात घालून पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीतून साधारण एक क्विंटल वाळलेली उतरते. एकरी वीस-पंचवीस क्विंटल वाळली तर गावात ते पीक चांगले धरतात.

मोंढ्यात हळद कांडी (म्हणजे हळकुंडे) आणि गड्डा अशी वेगवेगळी विकली जाते. कांडीला भाव जास्त. आडत्याच्या ओट्यावर ढीग पडतो, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतात, दातांखाली धरून वाळल्याची खात्री करतात आणि बीट पुकारले जाते. हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. आवक भरात असली की वाहनांची रांग लागते आणि शेतकरी गाडीखालीच रात्र काढतात. वसमतच्या बाजारात फक्त याच तालुक्याचा माल येत नाही. परभणी, नांदेड आणि विदर्भाच्या कडेच्या गावांतूनही येतो. हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड ही जवळची स्पर्धक पेठ. राज्याबाहेर तेलंगणातले निजामाबाद आणि तमिळनाडूतले इरोड, राज्यात सांगली, यांच्या भावावर इथल्या आडत्यांचा डोळा असतो. २०२० च्या आधीची काही वर्षे भाव क्विंटलला पाच ते सात हजारांत रेंगाळला होता. अनेकांनी लागवड मोडली. २०२३ च्या पावसाळ्यात तो १५ हजारांपुढे गेला. ज्यांच्या थप्प्या शिल्लक होत्या त्यांनी ट्रॅक्टर घेतले, ज्यांनी मार्चमध्येच मोकळे केले त्यांनी ते पाहिले. थांबणे ज्याला परवडते त्यालाच हळद पावते, ही या पिकाची दुसरी बाजू. अल्पभूधारक बियाण्या-खताच्या उधारीपोटी काढणीबरोबरच विकून टाकतो.

‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळाले होते. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वसमतसाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले आणि १०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. ‘हरिद्रा’ हा शब्द फलकावर आला. तालुक्यात तो कोणी बोलत नाही. केंद्र सरकारचे राष्ट्रीय हळद मंडळ २०२३ मध्ये घोषित झाले, त्याचे मुख्यालय मात्र निजामाबादला गेले. जगातल्या हळदीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतात पिकते आणि भारतातले मोठे लागवडक्षेत्र महाराष्ट्रात आहे, हे लक्षात घेतले तर वसमतच्या वाट्याला आलेली यंत्रणा उशिरा आली असेच म्हणावे लागते. पिकाचे तांत्रिक मार्गदर्शन त्याआधीपासून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून आणि कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडून होत आले आहे.

एवढी मोठी पेठ असूनही दळून, पाकिटात भरून, स्वतःचे नाव लावून हळद विकणारे धंदे इथे लहानच आहेत. वसमतहून पोती जातात आणि वसमतच्याच किराणा दुकानात दुसऱ्या राज्यात दळलेली हळद चकचकीत पुड्यांतून परत येते. मधला पैसा वाटेतच राहतो. मानांकनाचे कागद हातात आल्यावरही हे चित्र बदललेले नाही. नोंद लिहिताना हा या गावाच्या अर्थकारणातला सर्वांत ठळक उणेपणा वाटतो.

दळणवळणाचा इतिहासही या पेठेशी जोडलेला आहे. पूर्णा–हिंगोली मीटरगेज लोहमार्ग निजामाच्या रेल्वेने १९१२ मध्ये आणला. पुढे तो अकोला-खांडव्यापर्यंत जोडला गेला. पूर्णा–अकोला टप्प्याचे रुंदीकरण २००८ मध्ये पुरे झाले. मात्र माल आता मुख्यतः ट्रकने जातो.

तालुक्यातील पांगरा शिंदे गाव जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांमुळे महाराष्ट्राला माहीत झाले. हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के नोंदले गेले आणि ते वसमतमध्येही जाणवले. मार्चच्या धक्क्याच्या वेळी खळ्यांवर हळद पसरलेली होती.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे ती नेमकी काढणीच्या भरात येते. तोवर वसमतची अधिकृत लोकसंख्या ६८,८४६ हीच आहे.