गुणांच्या वहीतून निघालेले बिट

लिनक्सवर चालणारा संगणक स्वभावतःच सुरक्षित असतो, कारण तेथे सामान्य वापरकर्त्यास 'रूट' या सर्वाधिकाऱ्याचे अधिकार नसतात, असा जो समज जाणत्यांतही दृढमूल झाला आहे, त्यात एका चिमुकल्या बिटाचा सोयीस्कर विसर पडलेला असतो. पासवर्ड बदलणाऱ्या 'पासडब्ल्यूडी' या आज्ञेची फाइल यादीत पाहावी. मालकाच्या परवान्यांत 'एक्स' या अक्षराच्या जागी 'एस' दिसेल. ही 'सेट-यूआयडी' बिटाची खूण. ती ज्यावर आहे तो प्रोग्राम कोणीही चालवला तरी फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. मालक रूट असला, तर तो कुलमुखत्यारपत्र खिशात घालून हिंडणारा गुमास्ताच समजावा.

हे बिट बेल लॅब्जमधील डेनिस रिची यांचे. १९७३ साली पेटंटचा अर्ज झाला, १९७९ साली तो मंजूर झाला, पुढे हक्क सर्वांस खुला करण्यात आला आणि युनिक्सचा हा वारसा लिनक्सकडे आला.

प्रश्न आहे तो मूळ प्रयोजनाचा. 'मू' नावाचा एक खेळ त्या काळी संगणकांवर लोकप्रिय होता: चार अंकांची गुप्त संख्या ओळखायची, अंक बरोबर जागी पडला तर 'बुल', अन्य जागी असला तर 'काऊ'. १९७१ साली 'सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्सपीरियन्स' या नियतकालिकात 'अ‍ॅलेफ-नल' या टोपणनावाच्या लेखकाने या खेळाच्या हिशेबाचे कोडे घातले. गुणांची वही खेळाच्या प्रोग्रामला लिहिता यावी, परंतु खेळाडूला तिच्यात ढवळाढवळ करता येऊ नये, हे साधावे कसे? युनिक्सवरच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध निबंधात रिची आणि केन टॉम्पसन हे कोडे आपल्या बिटाने सहज सुटते असे नमूद करतात.

प्रतिपक्ष म्हणेल की त्याच निबंधात पहिले उदाहरण नवी डिरेक्टरी निर्माण करणाऱ्या आज्ञेचे आहे, म्हणजे बिटाचा जन्म कारभाराच्या निकडीतून झाला आणि खेळ हा केवळ शोभेचा दाखला. मला हे पटत नाही. निव्वळ कारभारच चालवायचा असता, तर ते बिट लावण्याची मुभा रूटपुरती राखून भागले असते; रिचींनी मात्र ती प्रत्येकास स्वतःच्या फाइलीपुरती, कोणत्याही अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून दिली. ही उदारता खेळाडूंच्या जगातली आहे, दप्तरातली नव्हे! युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेतच हे बिट आढळते, तेव्हा कोडे छापून येण्यापूर्वीच ते सुचले असण्याची शक्यता कालक्रमाने नाकारता येत नाही. पण असल्या वहीची अडचण छापील कोड्याची वाट पाहत बसली नसणार.

त्या बिटाची किंमत 'पीकेएक्झेक' या रूटच्या मालकीच्या, बिटधारी प्रोग्रामने दाखविली. आपल्याला निदान एक शब्द, म्हणजे स्वतःचे नाव तरी, पुरविला जाईलच असे तो गृहीत धरी. कोणी मुद्दाम शब्दांची रिकामी यादी दिली, की तो यादीच्या सीमेपलीकडे, परिसरचलांच्या (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सच्या) प्रदेशात वाचू आणि लिहू लागे. तेथे योग्य मजकूर पेरून ठेवणारा साधा वापरकर्ता रूट होऊन बसे. ही चूक २००९ पासून उघड्या सोर्स कोडमध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या मूळ मांडणीतही नांदत होती. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीने ती जाहीर केली, तेव्हा दुरुस्ती हाती येईपर्यंतचा तातडीचा उपाय म्हणून 'पीकेएक्झेक'वरचे तेवढे बिट उतरवून ठेवावे, असे तिने सुचविले.