लोकरीचें दान

युद्धांचे इतिहास लिहिणारे पंडित तोफा, पलटणी आणि प्रेतें ह्यांची मोजदाद मोठ्या कसोशीनें करतात. परंतु त्याच युद्धांत घरीं राहिलेल्या स्त्रियांनीं किती मोजे विणले, ते कोणाच्या पायांत गेले आणि त्यांपायीं कोणाची मजुरी बुडाली, हा विचार त्यांच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. विषय बायकी म्हणून तो गाळला जात असावा. आमच्याकडे तरी बाळंतविड्याच्या कुंच्या आणि टोपडीं करणाऱ्या हातांची नोंद कोणत्या बखरकारानें ठेवली आहे? तथापि एखाद्या गळपट्ट्याचा धागा धरून मागें मागें जाऊं लागलें, तर राजवाडा, रणभूमि आणि मजुरांची वस्ती ह्या तिन्ही ठिकाणीं तो आपणांस घेऊन जातो. प्रस्तुत लेखांत इंग्लंडांतील अशाच एका धाग्याचा थोडासा माग काढावयाचा आहे.

१८५४ च्या नोव्हेंबरच्या १४ तारखेस काळ्या समुद्रांत भयंकर वादळ झालें आणि बालाक्लाव्हा बंदराशीं हिंवाळी कपड्यांनीं भरलेलें 'प्रिन्स' नांवाचें जहाज बुडालें. सेबास्टपोलच्या वेढ्यांतील इंग्रज फौज उघड्या टेकड्यांवर थंडीनें काकडत राहिली. सरकारी खात्यांची गलथान व्यवस्था 'टाइम्स' पत्राच्या बातमीदारानें चव्हाट्यावर मांडली, आणि ती वाचून विलायतेंत घरोघरीं सुया हातीं घेतल्या गेल्या. लोकरीच्या कानटोपीस पुढें 'बालाक्लाव्हा' हें नांव पडलें, आणि बटणांच्या लोकरी जाकिटास तेथील घोडदळाचा नायक लॉर्ड कार्डिगन ह्याचें. क्रिमियाचें युद्ध कशासाठीं झालें हें साफ विसरलेले लोकहि हीं दोन नांवें अंगावर वागवीत असतात!

ही तात्पुरती लाट होती. तिला संस्थेचें रूप आलें तें १८८२ सालीं. लेडी वुल्व्हर्टन नांवाच्या एका श्रीमंत बाईकडे एका अनाथालयानें मुलांसाठीं हातविणीचे मोजे आणि बंड्या मागितल्या. तिनें मैत्रिणींना गोळा केलें, आणि प्रत्येकीनें वर्षांतून निदान दोन नग द्यावे असा नियम घातला. एक अंगावर असतां दुसरा धुण्यांत असावा, अशी त्यामागील समजूत सांगतात. नियम साधा, पण व्यवहारी होता, आणि म्हणूनच तो टिकला. डचेस ऑफ टेक हिनें ह्या शिवणसंघास आश्रय दिला. तिची मुलगी मेरी पुढें इंग्लंडची राणी झाली, ही गोष्ट ह्या कथेस महत्त्वाची आहे.

मध्यंतरीं एका वृद्ध राजस्त्रीच्या हातांतील क्रोशाच्या सुईनें जो चमत्कार घडविला, तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बोअर युद्ध १८९९ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. नव्या वर्षाची भेट म्हणून महाराणी व्हिक्टोरियानें दक्षिण आफ्रिकेंतील प्रत्येक सैनिकास चॉकोलेटचा एकेक डबा पाठविला. असे डबे सुमारें लाखभर गेले. त्याखेरीज १९०० सालीं, ऐंशी वर्षांच्या वयांत आणि दृष्टि अधू झाली असतां, तिनें खाकी लोकरीचे आठ गळपट्टे स्वतःच्या हातांनीं विणले. प्रत्येकावर तिच्या पदवीचीं व्ही. आर. आय. हीं आद्याक्षरें होतीं. त्यांतील शेवटचें अक्षर हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाचें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्या आठांपैकीं चार गळपट्टे इंग्लंडच्या पलटणींस व चार कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथील तुकड्यांस गेले. हिंदी मनुष्यास एकहि नाहीं. हिंदी लढवय्ये त्या युद्धांत घेतलेलेच नव्हते. मोहनदास गांधी नांवाच्या नाताळांतील बॅरिस्टरानें जमविलेले अकराशें हिंदी लोक होते, पण ते जखमींच्या डोल्या वाहत होते.

ज्यांना हे गळपट्टे मिळाले ते खरोखर योग्य पुरुष होते ह्यांत शंका नाहीं. कॅनडाच्या पलटणींतील रिचर्ड रोलंड टॉमसन हा मूळचा आयर्लंडांतील कॉर्कचा. १८ फेब्रुवारी १९०० रोजीं पार्डेबर्गच्या लढाईंत जेम्स ब्रॅडशॉ नांवाच्या सोबत्याच्या मानेंत गोळी शिरून रक्ताची धार लागली. टॉमसननें ती शीर बोटांनीं दाबून धरली, आणि सुमारें सात तास गोळ्यांच्या वर्षावांत तो तसाच पडून राहिला. ब्रॅडशॉ वाचला. नऊ दिवसांनीं टॉमसन पुन्हां एका जखमीसाठीं आडोसा सोडून धांवत गेला; पण तो पोंचला तेव्हां त्या जखमीचा प्राण गेलेला होता. न्यूझीलंडच्या हेन्री कूट्स ह्यानें ३१ मार्च रोजीं सॅनाज पोस्टच्या लढाईंत असाच एक जखमी सैनिक माऱ्यांतून सोडवून आणला. दुसऱ्याची मान सात तास हातांत धरणाऱ्यास गळ्याभोंवतीं घालण्याची वस्तु मिळावी, ह्यांतील योग कोणासहि सुचलेला दिसत नाहीं.

मौज पुढेंच आहे. जानेवारी १९०१ मध्यें महाराणी वारली, आणि त्या आठ लोकरी पट्ट्यांभोंवतीं दंतकथा वाढूं लागली. हा मान व्हिक्टोरिया क्रॉसच्या बरोबरीचा, नव्हे, त्याहूनहि वरचा आहे, असें वसाहतींत लोक अभिमानानें सांगूं लागले. सरकारदरबारीं त्यास कसलाहि आधार नाहीं. एका आजीनें रणांगणावरील निवडक शिपायांस दिलेली ती भेट होती, पदक नव्हे. परंतु सामान्य जनांनीं तिची किंमत अशी कां वाढविली, हें मला तरी त्या दंतकथेच्या खरेंखोटेपणाहून अधिक विचार करण्याजोगें वाटतें. चॉकोलेटचे लाख डबे कारखान्यांतून निघाले होते. गळपट्ट्यांत राणीचे टाके होते. टॉमसनचा गळपट्टा आतां कॅनडाच्या युद्धसंग्रहालयांत आणि न्यू साउथ वेल्सच्या आल्फ्रेड ड्यू फ्रेयर ह्याचा ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकांत कांचेआड आहे.

हाताच्या टाक्यांस चढलेल्या ह्या किंमतीची दुसरी बाजू १९१४ सालीं उघडी पडली. ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंडनें युद्ध पुकारतांच राणी मेरीनें आपल्या आईचा शिवणसंघ स्वतःच्या नांवानें उभा केला आणि सेंट जेम्स राजवाड्याच्या फ्रायरी कोर्टांत त्याचें ठाणें मांडलें. सदरे, मोजे, गळपट्टे, मनगटपट्ट्या ह्यांसाठीं सर्व देशभर हांक गेली. लॉर्ड किचनेरनें आघाडीवरील सैनिकांसाठीं मोजे व पोटाभोंवतीं बांधण्याचे लोकरी पट्टे प्रत्येकीं तीन लाख मागितले, तेंहि राणीनें स्त्रियांवर सोंपविलें. नाटकगृहांत, आगगाडींत, प्रवचनास बसल्या बसल्या बायका विणूं लागल्या. गळपट्टा सर्वांत सोपा. पुढें अमेरिकन रेडक्रॉसनें छापलेल्या कृतींत तर पन्नास टाके घालावे आणि अडुसष्ट इंच होईपर्यंत सरळ विणीत जावें, एवढेंच सांगितलें होतें. अर्थात् नवशिक्या मुली गळपट्टेच करीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत १९१८ सालीं तीन दिवस विणकामाचा जंगी सामना भरला, त्याचें फळ ५० स्वेटर, ४८ गळपट्टे, ४० कानटोप्या आणि २२४ जोड मोजे इतकेंच निघालें. तमाशा म्हणून तो उत्तम झाला असावा.

इकडे त्याच ऑगस्ट महिन्यांत लंडनमधील शिंपिणींवर काय प्रसंग गुदरला होता? युद्ध सुरू होतांच श्रीमंत स्त्रियांनीं नव्या पोशाखांच्या मागण्या रद्द केल्या. झगे शिवणाऱ्या, टोप्या बनविणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या मुली हजारोंनीं घरीं बसल्या. त्यांना आशा होती ती सैन्याच्या सदऱ्यांची आणि मोज्यांची; पण तेंच काम आतां बंगल्याबंगल्यांतून फुकट होऊं लागलें. ज्या बाईनें मंगळवारीं शिंपिणीस नको म्हणून सांगितलें, तीच बाई बुधवारीं देशसेवा म्हणून सदरा शिवावयास बसली. तिच्या मनांत पाप नव्हतें. परंतु शिंपिणीच्या घरांत चूल पेटेना, ही गोष्ट त्यामुळें खोटी ठरत नाहीं.

हें स्पष्टपणें बोलून दाखविणारी स्त्री मेरी मॅकार्थर ही होय. ती स्कॉटलंडांतील एका कापडदुकानदाराची मुलगी. १९०३ पासून स्त्रियांच्या कामगार संघटनांच्या लीगची चिटणीस, १९०६ सालीं स्त्री-कामगारांचा राष्ट्रीय संघ तिनें स्थापिलेला, आणि १९१० सालीं क्रॅडली हीथ येथें घरांत बसून सांखळ्या घडविणाऱ्या बायकांचा संप तिनें लढवून जिंकलेला. राणीच्या शिवणसंघावर तिनें उघड हरकत घेतली. राणीच्या बाजूनें असें म्हणावें लागतें कीं, तिनें ही टीका मनास लावून घेतली नाहीं. उलट मॅकार्थरला बोलावून घेऊन तिचें म्हणणें सविस्तर ऐकलें. राजपद आणि मजूर-चळवळ ह्यांची अशी भेट त्या काळीं साधी नव्हती. त्याच महिन्यांत बेकार स्त्रियांसाठीं राणीच्या नांवानें निधि उघडण्यांत आला, त्याच्या विनियोगासाठीं स्त्रियांच्या रोजगाराची मध्यवर्ती समिति नेमली गेली, आणि तिची मानद चिटणीस खुद्द मेरी मॅकार्थर झाली. स्वेच्छेच्या कामानें पगारी कामास पूरक व्हावें, त्याची जागा बळकावूं नये, असें तत्त्व राणीच्या संघानेंहि मान्य केलें.

तत्त्व उत्तम ठरलें, मजुरीचें काय? समितीच्या कार्यशाळांत तासाला तीन पेन्स आणि आठवड्यास फार तर चाळीस तास काम, म्हणजे आठवड्याची कमाई अवघी दहा शिलिंग! पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत काम करणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्टनें ह्या शाळांस राणीचीं पिळवणुकीचीं घरें म्हणून हिणविलें, आणि आपण काढलेल्या खेळण्यांच्या कारखान्यांत तासाला पांच पेन्स देऊन दाखविले. मॅकार्थरचा बचाव असा होता कीं, ही संकटकाळची मदत आहे, व्यापारी मजुरी नव्हे; दर वाढविला तर निधि लवकर आटेल. दोघींचेंहि म्हणणें वाचून मला वाटतें कीं, ह्या जागीं पँकहर्स्टचा पक्ष अधिक बळकट होता. आयुष्यभर किमान वेतनासाठीं भांडलेल्या बाईनें स्वतःच्या हाताखालीं त्याहून कमी दर चालवावा, हें तिलाहि सुखाचें वाटलें नसेल. पुढें १९१५ सालीं दारूगोळ्याच्या कारखान्यांनीं बायकांचे हात भराभर ओढून घेतले, कार्यशाळा रिकाम्या पडल्या, आणि हा वाद निर्णयावांचूनच मिटला.

विणकाम मात्र थांबलें नाहीं, आणि तें निरुपयोगी होतें असेंहि कोणीं समजूं नये. खंदकांतील थंड चिखलांत दिवसेंदिवस उभें राहून सैनिकांचे पाय सडत. पायांस तेल चोळणें आणि कोरडे मोजे चढविणें हाच त्यावर उपाय असे. मोज्याचा एक जोड म्हणजे कधीं कधीं एक पाय, असा तो रोकडा हिशेब होता. आमचे हिंदी सैनिक सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरांत उतरले ते सुती कपड्यांत. त्यांच्यासाठीं लंडनमध्यें निघालेल्या इंडियन सोल्जर्स फंडानें कानटोप्या, मोजे आणि गळपट्टे पाठविले. युद्ध संपेपर्यंत राणीच्या शिवणसंघाकडून गेलेल्या जिनसांचा आंकडा दीड कोटींच्या वर गेला होता.

त्याच हिंवाळ्याच्या तोंडावर लंडनमध्यें एक लहानसा प्रसंग घडला. लायसियम नांवाच्या स्त्रियांच्या क्लबानें सैनिकांसाठीं कपडे करण्याचें काम घेतलें होतें, आणि सरोजिनी नायडू त्यांत हिरीरीनें पडल्या होत्या. बोअर युद्धांत डोल्या वाहणारे गांधी आतां लंडनला आले होते आणि जखमींच्या शुश्रूषेचें शिक्षण घेत होते. सरोजिनीबाईंनीं बेतलेल्या कपड्यांचा एक ढीग त्यांच्यापुढें टाकला आणि शिवून आणून द्या म्हणून सांगितलें. गांधींनीं मित्रांच्या मदतीनें होतील तेवढे शिवून दिले. उभयतांचा परिचय झाला तो ह्या ढिगावरून, असें गांधींनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे.

लंडनच्या शिंपिणींचा प्रश्न त्या वेळीं त्यांच्या कानांवर आला असेल वा नसेल. पण वीस वर्षांनीं तोच प्रश्न वर्ध्यास त्यांच्या दारांत येऊन उभा राहिला. १९२५ सालीं स्थापन झालेल्या चरखा संघांत दोन प्रकारचे हात सूत काढीत होते: यज्ञ म्हणून रोज अर्धा तास कातणारे सुशिक्षितांचे, आणि पोटासाठीं दिवसभर कातणाऱ्या खेड्यांतील बायांचे. पहिल्यांच्या सुताचें कौतुक होई, दुसऱ्यांस आणा-दोन आणे मिळत. खादी स्वस्त करण्याची जी धडपड चालली होती, तिचा भार अखेर कातणारणीवरच पडत होता. १९३५ सालीं गांधींनीं हें थांबविण्याचा आग्रह धरला. आठ तासांच्या कातणीस आठ आणे मिळावे, असें त्यांचें मागणें होतें. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी कार्यकर्त्यांनीं ओरड केली, आणि ती निराधार नव्हती. संघानें दर वाढविले, पण आठ आणे त्यास झेपण्यासारखे नव्हते. त्या सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबा तासन् तास कातीत बसले होते, आणि कातणारणीच्या दरानें जी मजुरी पडेल तेवढींतच आपला दिवस भागतो कीं नाहीं, तें पाहत होते.