संगणकाच्या कॅबिनेटमधील हवेचा मार्ग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा प्रोसेसरच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या वेगाबरोबर वाढलेली उष्णता कॅबिनेटबाहेर कशी काढली गेली, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात १९७७ नंतरच्या तीन दशकांतील या प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे. पंखे किती असावेत, यापेक्षा बाहेरची थंड हवा प्रथम कोणाला मिळावी, हाच या इतिहासातील खरा प्रश्न होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पंख्याविना आणि पंख्यासह

१९७७ च्या ॲपल २ मध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्झ यांना त्याचा आवाज नको होता. रॉड होल्ट यांनी तयार केलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा कमी तापत असल्याने हा आग्रह निभावला. १९८० च्या ॲपल ३ मध्ये मात्र तो अंगाशी आला. ॲल्युमिनियमची पेटीच उष्णता बाहेर टाकील, ही अपेक्षा फोल ठरून चिप सॉकेटमध्ये सैल होऊ लागल्या. यंत्र थोडे उचलून टेबलावर आपटावे, असा सल्ला ग्राहकांना देण्याची वेळ आली!

१९८१ च्या आयबीएम पीसीने हा हट्ट धरला नाही. त्याच्या ६३.५ वॅटच्या एसएमपीएसमधील एकच पंखा सगळ्या कॅबिनेटमधील हवा मागे फेकत असे, ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढे पुरे होते. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता सुमारे १५ वॅटवर गेली आणि प्रोसेसरवर हीट सिंक व पंखा चढला. परंतु हा पंखा कॅबिनेटमधलीच हवा फिरवतो. ती हवा तापलेली असेल, तर त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

दिशेचा वाद

इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेत म्हणूनच उलटा विचार केला गेला. एसएमपीएसच्या पंख्याने हवा आत ओढून ती थेट प्रोसेसरवर सोडावी, अशी मूळ शिफारस होती. एकाच वाटेने हवा आत आल्यास फटींतून धूळ शिरत नाही, हाही लाभ होता. कल्पना कागदावर सुरेख होती. पण एसएमपीएस स्वतः तापतो आणि प्रोसेसरला मिळणारी हवा त्याची उष्णता घेऊन येते. सुधारित आवृत्त्यांत ही शिफारस मागे पडली व पंखा पुन्हा हवा बाहेर फेकू लागला.

२००४ च्या 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ ने १०० वॅटची मर्यादा ओलांडली. त्याच सुमारास इंटेलने कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यातून प्रोसेसरपर्यंत नळकांडे नेण्याची पद्धत सुचविली. खोलीचे तापमान ३५ अंश असता प्रोसेसरजवळची हवा ३८ अंशांपुढे जाऊ नये, हा तिचा निकष होता. विदर्भातील मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, हे गृहीतकच कोसळते, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

२००४ मध्येच आलेल्या बीटीएक्स रचनेने प्रोसेसर समोरच्या पंख्यासमोर आणून हवेचा मार्ग सरळ केला. उष्णताशास्त्राच्या दृष्टीने ती एटीएक्सहून सरस होती. तथापि २००६ मध्ये कमी तापणारे कोअर २ प्रोसेसर आले, नव्या रचनेची निकड संपली आणि इंटेलने तिचा विकास थांबविला.

मूळ वाद सुटला तो निराळ्याच वाटेने. २००५ च्या अँटेक पी१८० या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी, स्वतंत्र कप्प्यात ठेवला होता. पुढे अनेक कॅबिनेटमध्ये तो तळाशीच गेला आणि तळाच्या जाळीतून आपली हवा आपणच घेऊ लागला. समोरून येणारी हवा प्रोसेसरकडे मोकळी झाली.