वाडा : लाकडी सांगाड्याची रचना

वाडा हे महाराष्ट्राचे पारंपरिक घर. पेशवाईत ते विशेष बहरले. त्याचा भार भिंतींपेक्षा सागवानी खांब-तुळयांवरच अधिक असतो. दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणतात. घराचे मापही खणांतच सांगत.

खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल व वाळवी लाकडापर्यंत सहज पोचत नाही. खांबाच्या माथ्यावरचे कुसू वरच्या लाकडाच्या खाचेत घट्ट बसते. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. हा कडीपाट वरच्या मजल्याची जमीन पेलतो. भिंती विटा-मातीच्या.

पुण्यातील शनिवारवाड्याची (१७३०-३२) लाकडी इमारत १८२८ च्या आगीत जळाली. दगडी जोती व तटबंदी उरली. विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब व कोरीव दर्शनी सज्जा आजही पाहता येतात.