इस्लामची व्याख्या आणि जातीचा दाखला

आम्ही मुरगूडचे लोक कागल तालुक्यातले. कागलच्या उरुसाचे नावच 'गहिनीनाथ गैबीपीर'. नाथ म्हणा की पीर म्हणा, नवस फेडायला येणाऱ्या कुणब्याला त्याने फरक पडत नाही. आमच्या भागात मोहरमला कुदळ मारली जाते, पंजे बसतात, मलिदा वाटला जातो. पंजापुढे नाचणाऱ्यांत मुसलमान किती आणि मराठे, धनगर किती, हे कुणी मोजत नाही. पोथीनिष्ठ मौलवी म्हणतो, हा इस्लाम नव्हे. पोथीनिष्ठ भटजी म्हणतो, हा हिंदू धर्म नव्हे. एवढ्यापुरते दोघांचे जमते!

मानववंशशास्त्रज्ञांपुढेही हाच पेच होता. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६८ साली मोरोक्को आणि इंडोनेशिया शेजारी ठेवून एकाच धर्माचे दोन निराळे स्वभाव दाखवले. अर्नेस्ट गेल्नर यांनी शहरी उलेमांचा ग्रंथनिष्ठ इस्लाम आणि टोळ्यांचा पीरनिष्ठ इस्लाम अशी जोडी लावली. १९७७ साली अब्दुल हमीद अल-झैन यांनी तर एकच एक इस्लाम नाहीच, इस्लाम अनेक आहेत, असे सांगून टाकले. १९८६ साली तलाल असद यांनी या साऱ्यांना अपुरे ठरवले. त्यांचे म्हणणे असे की, इस्लाम ही कुराण-हदीसशी नाते सांगत चालणारी वादसंवादाची परंपरा आहे. कोणता आचार बरोबर आणि कोणता चूक हे ठरवण्याची सत्ता कुणाच्या हाती आहे, हे अभ्यासकाने पाहावे. मला ही मांडणी सर्वांत मोलाची वाटते. परंतु त्या निबंधाचा रोख मध्यपूर्वेकडे आहे. आपल्याकडे सत्तेचा प्रश्न निघाला की जात निघतेच.

ही जात बाबासाहेबांनी फार आधी पाहिली होती. त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला, तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गातच. पुढे पाकिस्तानवरील ग्रंथात त्यांनी १९०१ च्या बंगाल जनगणनेचा अहवाल काढून अश्रफ, अजलफ आणि अरझल ही उतरंड वाचकांपुढे ठेवली. अरझलांना मशिदीत मज्जाव, सार्वजनिक कबरस्तानात मज्जाव. हे वाचताना आपल्याला काही अनोळखी वाटते काय? कुराणात जात नाही, हे खरे. पण माणूस कुराणात राहत नाही, गावात राहतो. ग्रँट डफने १८२६ साली दिलेल्या बारा बलुतेदारांच्या यादीत बारावा मुलाणा आहे. म्हणजे गावगाड्याने मुसलमानालाही कामाच्या खुंटीलाच बांधले. तांबोळी, पिंजारी, शिकलगार, बागवान ही नावे काय सांगतात? इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांतील जातींवर संपादित केलेला ग्रंथ १९७३ साली आला. विद्यापीठांना तेव्हा कुठे जाग आली.

व्याख्येचा हा वाद पंडितांपुरता राहिला असता तर मी लेखणी उचलली नसती. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरवले. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी आपण नागपूरला धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या लेखी आपली अस्पृश्यता एका रात्रीत नाहीशी झाली! गावाच्या लेखी मात्र ती होती तिथेच होती. बौद्धांचे नाव त्या आदेशात यायला १९९० उजाडले, चौतीस वर्षे. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढा म्हणून सांगितले. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला.

समतेचा धर्म स्वीकारला म्हणजे जात गेली, ही पोथीतली व्याख्या इथे सरकारने उचलली आहे. आणि आपल्या समाजातला अश्रफ पुढारी तीच व्याख्या अभिमानाने मिरवतो, कारण तिच्याआड त्याची सय्यदगिरी झाकली जाते.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत भंगी, मेहतर यांच्या ओळीतच हलालखोर आणि लालबेगी ही नावे आहेत. नावे फारसी-अरबी वळणाची, काम मैला उपसण्याचे. यादीतला हलालखोर हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तर त्याला दाखला मिळतो. नमाज पढणाऱ्या हलालखोराला मिळत नाही.