मोटारीतून घरात आलेला अँप्लिफायर

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या अँप्लिफायरची कुळकथा सांगताना जाणकार बहुधा अमेरिकेतल्या हीथकिटपासून सुरुवात करतात. त्या कथेत खोटं काही नाही. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीसारख्या गावात प्लायच्या डब्यात बसवलेला, पुढे व्हॉल्यूम-बास-ट्रेबलचे नॉब आणि मागे स्पीकरच्या वायरी असा जो अँप्लिफायर दिसतो, तो त्या घराण्यातला नाही. त्याचं कूळ मोटारीचं आहे. हे एकदा ध्यानात घेतलं की त्यात चार ओहमचाच स्पीकर का, मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर त्याची आयसी का जळते, नुसत्या बॅटरीवर तो इतका स्वच्छ का वाजतो, या सगळ्याचा उलगडा होतो.

बीबी लोणार तालुक्यातलं. मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की सुलतानपूरनंतर लागतं. रस्त्यावरचं गाव, त्यामुळे ट्रक, एसटी आणि काळीपिवळी जीप यांची वर्दळ कायमची. कॅसेटच्या काळात जीपमधला टेप हाच अनेकांनी ऐकलेला पहिला दणदणीत आवाज होता. घरात वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. भारनियमनाचे तास पाठ असायचे. बॅटरी मात्र होती. ट्रॅक्टरची, नाहीतर खास गाण्यासाठी चार्ज करून आणलेली. हरिनाम सप्ताह, भीमजयंती, लग्नाची हळद, घरातली पोथी, या सगळ्यांना आवाज हवा होता आणि तो बारा व्होल्टांतून काढायचा होता. मोटार बनवणाऱ्यांपुढेही नेमकी हीच अडचण होती. त्यांनी ती आधी सोडवली होती.

त्याआधीचा वंश थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक पिढीची एखादी तरी वस्तू आजच्या बोर्डावर शिल्लक आहे.

ली डी फॉरेस्टने १९०६ साली ऑडिऑन नावाची नळी केली. त्या नळीच्या पोटातून व्हॉल्वचा जमाना निघाला. व्हॉल्वला अडीचशे-तीनशे व्होल्ट लागत, जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागे आणि काच फुटण्याची धास्ती असे. नवशिक्याने हात घालावा असं ते काम नव्हतं. शिवाय आवाज वाढवला की तो फाटायचा. त्यावरचा उपाय बेल लॅबोरेटरीच्या हॅरल्ड ब्लॅक याला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत सुचला आणि त्याने तो हातातल्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पानावरच मांडला. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा. अँप्लिफायर किती पट वाढवतो ते त्याने कमी होतं, पण जे उरतं ते सरळ आणि खात्रीचं असतं. किती वाढ हवी हे मग नळीच्या लहरीवर राहत नाही, दोन रेझिस्टर ठरवतात.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर टीडीए २०३० या पाच पायांच्या आयसीचा बोर्ड घ्या. तिच्या दुसऱ्या पायापाशी दोन रेझिस्टर असतात. एक बावीस किलोओहमचा, त्यावर लाल-लाल-नारिंगी पट्टे. दुसरा सहाशे ऐंशी ओहमचा, त्यावर निळा-करडा-तपकिरी. बावीस हजाराला सहाशे ऐंशीने भागा, एक मिळवा. उत्तर तेहेतीसच्या थोडं वर येतं. आत शिरलेला सिग्नल बाहेर पडताना बरोबर तेवढ्या पटीने मोठा असतो. आयसी कुठल्याही कारखान्यातून आलेली असो, हा हिशेब बदलत नाही. फेरीबोटीतल्या त्या पानाचा एवढा ऐवज आजही दोन-चार रुपयांत मिळतो, आणि नवशिक्याचा बोर्ड पहिल्याच फटक्यात वाजतो त्याचं मोठं श्रेय या जोडीला आहे.

१९४७ हे साल या घराण्यात फार महत्त्वाचं. एप्रिलमध्ये विलायतेतल्या वायरलेस वर्ल्ड मासिकात डी. टी. एन. विल्यमसनचा अँप्लिफायर छापून आला. तो हौशी माणसाने घरी बांधावा म्हणूनच दिलेला होता आणि जगभर बांधलाही गेला. त्याच वर्षी मिशिगनच्या बेंटन हार्बर गावातल्या हीथ कंपनीने युद्धातून उरलेल्या भागांचा ऑसिलोस्कोप संचाच्या रूपात विकायला काढला. या कंपनीचा मूळ धंदा विमानांचा. एडवर्ड हीथ १९२६ पासून घरी जोडायच्या छोट्या विमानाचे संच विकत असे. १९३१ साली तो विमान अपघातातच गेला. संच विकायची रीत कंपनीने सोडली नाही, माल तेवढा बदलला. पुढे विल्यमसनच्या आराखड्यावरचे अँप्लिफायरही त्यांनी विकले. आणि १९४७च्याच डिसेंबरात बार्डीन आणि ब्रॅटन यांनी बेल लॅबोरेटरीत पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला.

आपल्याकडे हीथकिटची पेटी पोचली नाही. आयातीवर निर्बंध होते आणि परदेशी चलन कोण देणार? इथे संच दुकानात तयार झाला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाचा परिसर. गिऱ्हाईक सर्किटचा कागद पुढे करी आणि दुकानदार त्याप्रमाणे भाग मोजून पिशवीत भरी. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू या मासिकातलं सर्किट त्या कागदावर उतरवलेलं असे, नाहीतर आयटीआयच्या वहीतलं. माझ्या मते आपल्या कीटचा खरा जन्म याच काउंटरवर झाला. हीथकिटच्या पेटीत छापील पुस्तिका असे, पायरीगणिक चित्रं असत. आपल्याकडे ते काम काउंटरमागच्या माणसाने तोंडी केलं: हा डायोड उलटा लावू नको, रेषा या बाजूला, हे कपॅसिटर पंचवीस व्होल्टचंच घे.

त्या पिशवीत आधी ट्रान्झिस्टर भरले जात. घरगुती कामाला एसी १२८ची जोडी, मोठ्या कामाला २एन३०५५. आरसीएने साठच्या दशकात काढलेला हा जाड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या मिस्त्र्यांचा अतिशय लाडका. तो मजबूत होता, पण त्याच्याभोवतीचं बाकीचं सर्किट जुळवायला अनुभव लागे. बायस चुकला की जोडी तापून जाई. नवशिक्याला दार उघडलं ते आयसीने.

मोटार आली ती इथेच. टीबीए ८१० ही एसजीएस या इटालियन कंपनीची आयसी. बारा पाय, दोन्ही बाजूंना उष्णता काढून घ्यायला धातूचे पंख. चार व्होल्टपासून वीस व्होल्टपर्यंत चालते आणि १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला सहा वॅट देते. हे १४.४ व्होल्ट आले कुठून? चालू मोटारीत चार्ज होत असलेल्या बॅटरीवर साधारण तेवढे व्होल्ट असतात. सॅन्योच्या एलए ४४४०चे आकडे १३.२ व्होल्टवर दिलेले आहेत. शिशाच्या बॅटरीत सहा खाने, खान्याला २.२ व्होल्ट, गुणाकार करून पाहा. या आयसी मोटारीतल्या रेडिओ-टेपसाठी घडवलेल्या होत्या. बीबीतल्या घराला त्या चपखल बसल्या, कारण इथेही बारा व्होल्टची बॅटरीच होती.

स्पीकरही त्याच वंशातला. व्होल्ट कमी असतील तर ताकद काढायला स्पीकरचा अडथळा कमी हवा, म्हणून मोटारीत चार ओहम. लांबट, सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर मोटारीच्या मागच्या काचेखाली बसावा म्हणून तसा झाला, आणि तोच आमच्याकडे प्लायच्या डब्यात, कधी चक्क मातीच्या माठाच्या तोंडावर पालथा बसला. माठावरचा आवाज ऐकण्यासारखा असतो. आतली हवा खालच्या सुरांना भरीव करते. मृदंगाचा धुमा कळतो.

एलए ४४४०पाशी मी जरा थांबणार, कारण गावोगाव पसरली ती हीच. चौदा पाय एका ओळीत. आत दोन अँप्लिफायर, प्रत्येकी सहा वॅटचे. ते दोन वेगळे वापरले तर स्टिरिओ. पण दोघांना एकाच स्पीकरच्या दोन टोकांना लावलं आणि एकाला सुलट, दुसऱ्याला उलट सिग्नल दिला, तर एक टोक वर जात असताना दुसरं खाली जातं. स्पीकरला दुप्पट व्होल्ट मिळतात. व्होल्ट दुप्पट म्हणजे ताकद चौपट, चोवीस वॅट व्हायला हवेत; आयसीतली गळती धरून कंपनी एकोणीस सांगते. बॅटरी तीच, स्पीकर तोच. बाजारात ज्याला डबल आयसी बोर्ड म्हणतात त्यावर अशा दोन असतात, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. त्या बोर्डाच्या खोक्यावर तीनशे वॅट, पाचशे वॅट छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नये. बारा व्होल्टांतून चार ओहमला किती निघू शकतं याला हिशेब आहे, आणि तो वर दिला आहे.

या जोडणीत एक पथ्य आहे. स्पीकरचं कुठलंच टोक अर्थला लावायचं नाही. साध्या अँप्लिफायरमध्ये काळी वायर चेसिसला असते, त्या सवयीने इथेही लावली तर आयसी जायचीच वेळ.

दुसरं पथ्य ट्रान्सफॉर्मरचं, आणि मोटारीचा वंश इथे सगळ्यात ठळक दिसतो. एलए ४४४० चालू असताना अठरा व्होल्टच्या पुढे सोसत नाही. लोक १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर आणि दोन डायोड लावतात. बारा व्होल्ट एसीचं शिखर सतरा. डायोडचे पाऊण वजा केले की सव्वासोळा उरतात. कागदावर ठीक आहे. पण रात्री शेतातले पंप बंद झाले की लाइनला दोनशे तीसऐवजी अडीचशे येतात, आणि तोच हिशेब साडेसतराच्या वर जातो. बिनभाराचा ट्रान्सफॉर्मर त्याहून थोडं जास्तच देतो. सप्ताहात दिवसभर नीट वाजलेला बोर्ड रात्रीच्या कीर्तनाला का जातो, त्याचं कारण हे. नवशिक्याने या आयसीला ९-०-९ लावावा. आवाजात फरक थोडा पडतो, आयसीचं आयुष्य मात्र वाढतं. १५-०-१५ तर जवळही आणू नये.

जोडण्याच्या कामात सोल्डरिंगला वेळ द्यावा. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, साठ-चाळीसची तार, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. आधी पाय आणि तांब्याची पट्टी दोन्ही तापवायची, मग तार तिथे टेकवायची. वितळलेलं कथील पायाभोवती चढून चकाकलं तर जोड पक्का. गोळी होऊन मळकट राहिलं तर तो जोड वरवरचा आहे, पुन्हा तापवा. आयसीमागे उष्णतेसाठी ॲल्युमिनियम हवंच. खिडकीच्या सेक्शनचा जाड तुकडा चालतो, मध्ये पांढरी पेस्ट लावून स्क्रू घट्ट आवळायचा.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरायचा ही रीत मिस्त्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे आणि तिला तोड नाही. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या मेन वायरीत ओवायचा. बटन दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळतो, कपॅसिटर भरतो आणि बल्ब मंदावतो. तसाच भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, काही जळलेलं नसतं. एलईडी बल्बने हे काम होत नाही, तारेचाच हवा. असे बल्ब आता दुकानात मिळेनासे झालेत, तेव्हा जुने सापडले तर जपून ठेवावेत.

मग उरते ती घरघर. विजेवर घूं येते आणि बॅटरीवर येत नाही, तर दोष पुरवठ्यात आहे. ४७०० मायक्रोफॅरडचं कपॅसिटर घातलं का ते पाहावं. व्हॉल्यूमच्या नॉबला बोट लावल्यावर घूं बदलत असेल तर कंट्रोलची धातूची कड अर्थला जोडलेली नाही. इनपुटची शील्ड वायर आणि, स्पीकरचं एक टोक अर्थला असलेल्या साध्या जोडणीत, स्पीकरकडून परत येणारी वायर, दोन्ही वेगवेगळ्या नेऊन कपॅसिटरच्या निगेटिव्हलाच भेटवाव्यात; वाटेत एकमेकींत मिसळू देऊ नयेत. बहुतेक घरघर एवढ्याने जाते.

सॅन्योचा सेमीकंडक्टरचा धंदा २०११ साली अमेरिकेच्या ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. ४४४० हा आकडा मात्र बाजारात टिकून आहे, बहुतेक चिनी कारखान्यांच्या मालावर. शेजारी आता क्लास डी जातीच्या आयसी आल्या आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ साडेचार ते सव्वीस व्होल्टवर चालते, फारशी तापत नाही आणि ब्लूटूथसकट तळहाताएवढ्या बोर्डावर मिळते. सोलरच्या बॅटरीवर ती उत्तम आहे, आणि वापरायला मीही तीच सुचवेन. शिकायला मात्र नाही. तिचे बारीक पाय यंत्राने बसवलेले असतात; नवशिक्याच्या वाट्याला चार वायरी जोडणं तेवढं उरतं. ज्याला अँप्लिफायर स्वतः करायचा आहे त्याने रिकामा बोर्ड आणि सुटे भाग मागावेत. पहिला ४४४०चा, बॅटरीवर. तो नीट वाजला की दुसरा टीडीए २०३०चा, १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोडांवर. त्यात अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्ट करावे लागतात, आणि मधली शून्याची वायर कुठे बांधायची हे हाताने शिकायला मिळतं.